मेपलच्या बिया उगवत नाहीत. बोन्सायसाठी बी, छाट कलम की गुटी, सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की जपानी मेपलच्या वाळलेल्या बिया आणल्या, थेट मातीत पेरल्या, चार महिने पाणी घातलं आणि एकही उगवली नाही. आता पुन्हा बियाच आणाव्यात की दुसरा मार्ग धरावा, आणि रोप आलं की लगेच बोन्सायच्या कुंडीत लावावं का, हे तुम्हाला विचारायचंय. बरीच वर्षं मेपल वाढवतेय, त्या अनुभवावरून सांगते. बिया जरूर लावा, पण भिस्त गुटी कलमावर, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून ती वेगळी करण्यावर ठेवा. आणि बोन्सायच्या कुंडीचा विचार तूर्त बाजूला राहू द्या.

आधी बियांचं बघू. तुमच्या बिया वाईटच होत्या असं समजू नका. मेपलचं पंखवालं बी शरद ऋतूत गळतं, ओल्या पालापाचोळ्यात सगळा हिवाळा काढतं आणि वसंतात रुजतं. आतल्या अंकुराला लांबलचक थंडी मिळाल्याशिवाय तो जागाच होत नाही. ती थंडी आपण फ्रिजमध्ये देऊ शकतो. पंख मोडून बिया कोमट पाण्यात एक दिवस-रात्र भिजत ठेवायच्या. मग पिळून घेतलेल्या ओलसर मॉसमध्ये (नर्सरीत मिळणाऱ्या शेवाळात) मिसळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायच्या आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ४-५ अंश सेल्सिअसला, तीन ते चार महिने ठेवायच्या. फ्रीझरमध्ये नाही. दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून बघा. बुरशी दिसली तर बिया धुऊन मॉस बदला. पांढरं टोक बाहेर आलं की ते बी उचलून मातीत एक सेंटिमीटर खोल लावा.

ताज्या बिया मिळाल्या तर फारच उत्तम. पंख हिरव्याचे तपकिरी व्हायला लागले की तोडायच्या आणि वाळू न देता थेट पिशवीत. फार वाळलेल्या बीचं टरफल टणक होतं, ते कधी कधी दुसऱ्या वर्षी उगवतं. म्हणून तुमची ती कुंडी फेकू नका, ओलसर ठेवून एक हिवाळा बाहेर काढू द्या. आणि 'निळ्या मेपल'च्या बिया म्हणून जे विकतात ते घेऊ नका. निळ्या पानांचा मेपल अस्तित्वातच नाही.

बीचं रोप आईसारखं निघेलच असं नाही. देशोजोसारख्या लाल पालवीच्या जातीचं बी लावलं तर कुणी हिरवं निघतं, कुणी तांबूस. मला हे आवडतं, कारण प्रत्येक रोपाचा शरदातला रंग वेगळा असतो. पण तुम्हाला तीच जात हवी असेल तर बियांचा उपयोग नाही.

जात निवडताना दोन मेपल डोळ्यांसमोर ठेवा. पहिला जपानी मेपल, एसर पामाटम. १७८४ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्गने त्याला हे नाव दिलं ते तळहातासारख्या पानावरून. जपानीत मेपलला 'काएदे' म्हणतात, तो शब्द 'बेडकाचा हात' या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. कोवळं पान उलगडताना जवळून बघा, पाच-सात बोटं मिटलेली मूठ सोडावी तशी सुटतात. दुसरा त्रिदली मेपल, एसर ब्युर्गेरियानम. त्याच्या पानाला तीन टोकं, वाढ जोरकस, ऊन जास्त सोसतो आणि जखमा लवकर भरतो. पहिल्यांदाच करत असाल तर मी त्रिदली सुचवेन.

छाट कलमही त्रिदलीचं सहज लागतं. वसंतातली नवी पालवी जरा निबर झाली की पेन्सिलीपेक्षा बारीक, दोन पेरांची काडी घ्यायची, वर पानांची एक जोडी ठेवून मोठी पानं अर्धी कापायची, खालच्या टोकाला मूळ फुटायची पावडर लावायची आणि वरून पारदर्शक झाकण घालून सावलीत ठेवायचं. पुढची चूक माझ्या हातून झाली आहे. मुळं आलेली बघून मी शरदातच काड्या वेगळ्या लावल्या, आणि वसंतात एकीलाही डोळे (पालवीचे कोंब) फुटले नाहीत. पहिला हिवाळा त्यांना हलवायचं नाही. डोळे फुटल्यावर बघायचं.

आता गुटी. बी किंवा छाट कलम घेतलं तर अंगठ्याएवढ्या खोडाला कित्येक वर्षं जातात. गुटीत ते खोड आधीच तयार असतं. बागेतल्या किंवा नर्सरीतल्या मोठ्या झाडावर वळणदार, खाली जाड आणि वर निमुळती होत गेलेली फांदी शोधायची आणि तिथेच तिला मुळं फोडायची. नर्सरीतले बरेच मेपल कलमी असतात, जोडापाशी खोड फुगलेलं दिसतं. त्या फुगवट्याच्या वर गुटी बांधली की तो दोषही जातो.

वेळ अशी निवडा की वसंतातली पानं पूर्ण उघडून टणक झालेली असतील. फांदीभोवती धारदार चाकूने दोन वर्तुळं घ्यायची आणि मधली साल काढायची. त्या दोन वर्तुळांतलं अंतर फांदीच्या जाडीच्या दीडपट तरी हवं. माझी पहिली गुटी इथेच फसली. मी बोटभर रुंदीचीच साल काढली होती. दोन महिन्यांनी उघडून बघितलं तर मूळ एकही नाही, वरच्या सालीपासून खालच्या सालीपर्यंत एक पांढरट पूल तयार झालेला आणि झाड मजेत वाढत होतं. सालीखालचा बुळबुळीत हिरवट थर जरा जरी राहिला तरी असं होतं. तो चाकूच्या पात्याने खरवडून, लाकूड कोरडं आणि पांढरं दिसेपर्यंत काढायचा. मग वरच्या कडेला मूळ फुटायची पावडर, त्याभोवती भिजवून पिळलेल्या मॉसचा मुठीएवढा गोळा, वरून प्लास्टिक, दोन्ही टोकं घट्ट बांधलेली. बाहेरून गडद कागद गुंडाळा, म्हणजे गोळा उन्हात तापत नाही.

पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली येतं, ते त्या कडेला अडतं आणि तिथेच मुळं फुटतात. पाणी मात्र आतल्या लाकडातून वर जातच असतं, म्हणून फांदी सुकत नाही. सहा ते दहा आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी टोकं दिसतात. मोह आवरा. ती तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटले, गोळा भरला, की मगच खालून कापायचं. मॉस उपटून काढू नका, ही मुळं काडकन मोडतात. गोळ्यासकट लावा, झाड हलणार नाही असं कुंडीला बांधा आणि पुढच्या वसंतात हळूच मॉस मोकळा करा. गुटीचा सगळ्यात मोठा फायदा तेव्हा दिसतो. मुळं एकाच पातळीवर, चहूबाजूंनी, चाकाच्या आऱ्यांसारखी आलेली असतात. बोन्सायमध्ये याला नेबारी म्हणतात. मेपलचं सौंदर्य निम्मं तिथेच असतं. बीच्या रोपातही हे जमतं, पण त्यासाठी सुरुवातीलाच सोटमूळ कापून बाकीची मुळं सपाट पसरावी लागतात.

कुंडीचं म्हणाल तर लहान कुंडीत गेलेलं खोड जाड होत नाही. खोड भरतं ते वर भरपूर पानं असतील आणि खाली मुळांना पसरायला जागा असेल तेव्हा. म्हणून आधी रुंद, उथळ खोका किंवा जमीन. मुळांखाली एक सपाट फरशी ठेवली तर ती आडवी पसरतात. खालची एखादी फांदी मुद्दाम मोकाट वाढू द्या, खोड हवं तेवढं झालं की ती कापून टाका. मोठी छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस करू नका, कापल्या जागेतून रस गळत राहतो. पानं निबर झाल्यावर करा. कुंडी बदलायची वेळ मात्र डोळे फुगले पण उघडले नाहीत तेव्हाची.

फांद्या घडवायला लागाल तेव्हा एवढं सांभाळा. मेपलचे डोळे समोरासमोर येतात, त्यामुळे एका जागी तीन-चार फुटवे राहिले की तिथे गाठ धरते. दोनच ठेवा. तार लावलीत तर वसंतात दर आठवड्याला बघा, महिन्याभरात ती सालीत रुतते आणि या गुळगुळीत सालीवरचा वळ वर्षानुवर्षं दिसतो. कोवळी शेंडी चिमट्याने खुडणं हे तयार झालेल्या झाडासाठी आहे. वाढत्या झाडाची खुडलीत तर वाढच थांबवाल.

आणि मेपल घरात ठेवू नका. त्याला बाहेरची थंडी लागतेच, ती मिळाली नाही तर झाड दरवर्षी थोडं थोडं खंगत जातं. दुपारचं कडक ऊन आणि कोरडा वारा लागला तर पानांच्या कडा करपतात, तेव्हा उन्हाळ्यात सकाळचं ऊन आणि नंतर सावली.

तुमच्या ओळखीत कुणाकडे मोठा मेपल असेल तर त्याची एक फांदी मागून बघा. फांदीची जाडी आणि ती कुठल्या जातीची आहे ते इथे लिहा, गुटी नेमकी कुठे बांधायची ते मी सांगेन.