आजी वारली. वर्षश्राद्धाशिवाय तिची आठवण कशी जपता येईल?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की आजी ‘अतिशय मायाळू आणि सोशिक होती, तिने कधी कसली तक्रार केली नाही’. ते वाचलं म्हणून उत्तर द्यायला बसलो, एरवी श्राद्धपक्षाच्या प्रश्नांत मी पडत नाही.

गेलेली प्रत्येक आजी मायाळू आणि सोशिकच कशी असते हो? आमच्या आजीच्या फ्लेक्सवर काकांनी हेच दोन शब्द छापून घेतले होते. पैकी सोशिक ती अजिबात नव्हती.

आजी लालबागला खाणावळ चालवायची. पाटी वगैरे काही नाही, चाळीतली राहती खोली हीच खाणावळ. आजोबा गिरणीत साचाखात्यात. जेवायला येणारे बहुतेक आपल्याच बाजूचे, देवगड-मालवणचे. बायकामुलं गावाला आणि हे इथे एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे. पहिल्या पाळीवाल्यांसाठी आमच्याकडे पहाटे तीनला स्टो पेटायचा. बुधवारी मासे, रविवारी मटण. आजीला अक्षरओळख नव्हती, पण भिंतीवरच्या कालनिर्णयवर प्रत्येकाची खूण ठरलेली होती, कुणाची फुली, कुणाचा गोल. कोण गावी गेला, कोण आजारी पडला, त्याचा खाडा त्या तारखेच्या चौकोनात. पगाराच्या दिवशी कोणी एक खाडा जास्त सांगितला की तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज डोक्यावर असताना सोशिक राहून भागत नाही. तेव्हा गिरणगावात अशा खाणावळवाल्या पुष्कळ होत्या. प्रेमाताई पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांसाठीच, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आमच्या आजीला त्याचा पत्ता उशिरा लागला. ‘आदी कळला असता तर’ हे ती शेवटपर्यंत म्हणायची. ही तक्रारच की!

मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. गिरणी कामगारांवर पुष्कळ लिहिलं-बोललं गेलंय, पण त्यांना जेवू घालणाऱ्या बायकांची उधारी कुठे बुडाली हे कोणी विचारत नाही. पगार बंद झाल्यावर आजीने काही महिने उधारीवर ताटं वाढली. माणसं एकेक करून गावी गेली, पैसे राहिले ते राहिलेच.

आता मुद्द्यावर येतो. आजीच्या बाराव्याला एक म्हातारे गृहस्थ आले. आमच्यापैकी कोणी त्यांना ओळखत नव्हतं. फोटोला हात जोडले, खिशातून पाकीट काढून समोर ठेवलं आणि म्हणाले, “मावशेचे पैशे देवचे रवले होते.” संपातले. काकांनी ते पाकीट उचलून त्यांच्या हातात परत कोंबलं. “अहो, आमची आई पैशासाठी करत नव्हती, ती सगळ्यांना प्रेमाने जेवू घालायची.” म्हातारबाबा ओशाळले, चहाही न घेता गेले.

मी तिथेच बोललो. आजी असती तर तिने पाकीट घेतलं असतं, नोटा मोजल्या असत्या, कमी भरल्या असत्या तर तसं सांगितलं असतं आणि मग त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नसतं. काकांना राग आला. बाराव्याला तमाशा नको म्हणाले. खरी गोष्ट अशी की काका आता ठाण्याला मोठ्या सोसायटीत राहतात आणि आईने लोकांची खरकटी ताटं धुतली हे त्यांना शेजाऱ्यांना कळू द्यायचं नाही. म्हणून धंद्याचा धर्मादाय झाला आणि बाई सोशिक झाली.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बाक, पाणपोई, शाळेला कपाट, काय द्यायचं ते द्या, पण त्यावर ‘कै.’च्या पुढे तिचं काम लिहा. शेतावर राबली असेल तर ते, विड्या वळल्या असतील तर ते. तिच्याबरोबर काम केलेल्या बायका अजून असतील, त्यांच्याकडे जा आणि फोनवर रेकॉर्ड करा. घरच्यांना विचारू नका, घरचे फक्त पुरणपोळी सांगतात. आजी कुणाशी भांडायची आणि कशावरून, हे आधी विचारा. वर्षश्राद्ध तिथीने येतं, ते भटजी सांगतील. आजोबा हयात असतील तर पितृपक्षात अविधवा नवमी. पहिल्या वर्षी म्हाळ घालायचा की नाही याची रीत घरोघरी वेगळी आहे, घरातल्या मोठ्यांना विचारा.

हेही सांगतो, तुमची आजी खरंच सोशिक असेल तर असेल, मी तिला ओळखत नाही. आणि घरात दुःख ताजं असताना फ्लेक्सवरून वाद घालू नका. मी घातला, त्याचं मला काही वाटत नाही, पण माझी आई दोन्हीकडून बोलणी खात होती.

काका हे वाचणार, कारण बहीण त्यांना लिंक पाठवल्याशिवाय राहायची नाही. काका, ते म्हातारबाबा कुठल्या वाडीतले ते मी शोधून काढलंय. गणपतीला गावी आलो की जाणार आहे आणि ते देतील ते पाकीट घेणार आहे. तुम्हाला यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा.