'जिझुरी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: हिरोशी योशिदा या जपानी चित्रकाराच्या ताजमहालाच्या छापचित्राखाली मराठीत दोन ओळी लिहायच्या आहेत. चित्राच्या डाव्या समासात दोन चिन्हांचा एक शिक्का आहे. त्याचा उच्चार 'जिझुरी' आणि अर्थ 'स्वतः छापलेलं'. मग 'स्वमुद्रित' लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. शब्दाला शब्द बसतो, पण वाचकाची फसगत होते.

आधी उच्चार बघू, कारण 'जिझुरी' वाचून निम्म्या लोकांना जेजुरी आठवणार. पहिला 'ज' आपल्या 'जीव'मधला, दुसरा, लिहिताना 'झ' असला तरी, साधारण 'जुना'मधला. दोन्ही ज आपल्याकडे आहेत म्हणून हा शब्द मराठी जिभेला सोपा जातो. 'जि' म्हणजे स्वतः. 'झुरी' मूळचा 'सुरी'. जोडशब्दात दुसऱ्या पदाच्या आरंभीचा स मऊ होण्याची जपानीत रीतच आहे. 'सुरी' येतो 'घासणे' या क्रियापदावरून. लाकडी ठशाला छापयंत्र लागत नाही. ठशावर रंग लावायचा, वर ओलसर कागद ठेवायचा आणि बांबूच्या कोंबाच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीनं, म्हणजे बारेननं, कागदाची पाठ घासायची. घासणं हेच छापणं.

आता घासलं कोणी? जपानच्या जुन्या पद्धतीत चित्रकार चित्र काढून देई, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा आणि पैसा घालणारा प्रकाशक वेगळा. योशिदा (१८७६–१९५०) मूळचे तैलरंग आणि जलरंगातले. त्यांची सुरुवातीची छापचित्रं वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकानं काढली. १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत ते ठसे जळाले. १९२५मध्ये योशिदांनी स्वतःचा कारखाना काढला, प्रकाशकाला रजा दिली. कारागिरांना मात्र दिली नाही. कोरणं-छापणं ते स्वतः शिकले, काही ठसे त्यांनी हातानं कोरलेही, पण एरवी पगारी कारागीर काम करत आणि हे शेजारी उभे. निक्कोच्या योमेई दरवाजाच्या चित्रासाठी (१९३७) ९६ वेळा छपाई झाली. म्हणजे तोच कागद ९६ वेळा ठशावरच्या खाचांत बिनचूक बसवायचा. केसभर सरकला की चित्र वाया. (या खाचांना जपानीत 'केंतो' म्हणतात, आणि रोजच्या बोलण्यात अंदाजालाही 'केंतो'च. अंदाज साफ चुकला तर 'केंतो-चिगाई'. असे शब्द भेटले की माझा दिवस चांगला जातो.)

गंमत अशी, की त्याच काळात तिथे दुसरा एक पंथ होता. चित्र स्वतः काढायचं, स्वतः कोरायचं, स्वतः छापायचं, असा त्यांचा बाणा. यातल्या तिसऱ्या अटीचं नावही 'जिझुरी'च! तिथे तो शब्द अक्षरशः खरा आहे. त्या पंथातले मुनाकाता शिको डोळे जवळजवळ लाकडाला टेकवून कोरायचे, त्यांच्या बाबतीत 'स्वतः छापलेलं' खुशाल लिहा. योशिदांच्या शिक्क्यातला 'स्वतः' मात्र हाताचा नाही, देखरेखीचा आहे.

हा घोळ मराठीला परका नाही. 'काल केस कापले' असं आपण म्हणतो तेव्हा कात्री न्हाव्याच्या हातात असते. लग्नाच्या पत्रिकाही आपण 'छापतो'. जिथे फरक दाखवायचा असतो तिथे 'छापून घेणे' आहेच. तरी नुसतं 'छापून घेतलेलं' म्हटलं तर काम छापखान्यावर टाकून घरी गेल्यासारखं वाटतं. योशिदा घरी जाणाऱ्यांतले नव्हते.

यासाठी मराठीत एक नामी शब्द आहे: जातीनं. 'मुलीच्या लग्नात काका जातीनं पंगतीत फिरत होते.' काकांनी वाढपाला हात लावला असेल-नसेल, पण कोणाच्या पानात मठ्ठा नाही हे त्यांना ठाऊक होतं. ही जात संस्कृतातली नव्हे; अरबीतून फारसीमार्गे आलेला 'ज़ात', म्हणजे स्वतः ती व्यक्ती. जातमुचलक्यातली जातही हीच. 'जातीनिशी'ही चालेल, पण त्याला दरबाराचा वास येतो.

तेव्हा मी असं लिहीन: 'समासातला शिक्का: जिझुरी, चित्रकारानं जातीनं उभं राहून छापून घेतलेली प्रत.' लांब झालं, मान्य. 'स्वमुद्रित' आटोपशीर आहे, पण खोटं आहे.

१९३०-३१च्या भारत दौऱ्यावरून योशिदांनी जी मालिका केली तिच्यात ताजमहालाबरोबर अजिंठा-वेरूळही आहे. त्यांच्याखालीही लिहिणार असाल तर प्रत्येक प्रतीच्या समासात हा शिक्का आहे का, ते आधी बघा. योशिदांच्या ठशांवरून त्यांच्या पश्चातही प्रती निघाल्या आहेत, आणि तिथे जातीनं उभं राहायला ते नव्हते.