जॅझ नव्याने ऐकताय? आधी रेकॉर्डची आवृत्ती बघा

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा अल्बम 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) आधी घ्या, पण आवृत्ती बघून. ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या सत्रात मुद्रण करणारं टेपयंत्र किंचित मंद चालल्यामुळे जुन्या प्रतींत पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे थोड्या चढ्या सुरात वाजतात. १९९० च्या दशकातल्या पुनर्प्रकाशनांत हे दुरुस्त झालं. नुसतं ऐकताना बिघडत नाही. सोबत वाजवायला बसलात तर मात्र सूर जुळणार नाही.

त्यातल्या पहिल्या तुकड्यात, 'सो व्हॉट'मध्ये, कान डबल बेसवर (उभं, खर्जातलं तंतुवाद्य) ठेवा, मुख्य धून तोच वाजवतो. १६ बार (चार-चार मात्रांचे गट) एक स्वरसमूह, पुढचे ८ बार तोच अर्ध्या स्वराने वर, मग ८ बार परत खाली. सोलोसुद्धा याच ३२ बारांच्या चक्रावर फिरतात. चार-पाच चक्रं मोजलीत की वादक कुठे आहे ते कळायला लागतं.

लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह या वाद्यवृंदाच्या (१९२५ ते २८) खरखर पार पुसलेल्या प्रती नकोत. खरखरीबरोबर त्याच्या कॉर्नेटची (ट्रम्पेटसारखं वाद्य) धारही जाते.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन? त्याचा 'ब्लू ट्रेन'. 'असेन्शन' इतक्यात नकोच. आणि सीडीवर एकाच तुकड्याचे जादा टेक (त्याच वेळी केलेली इतर ध्वनिमुद्रणं) असतील तर सध्या गाळा, मूळ अल्बमचा क्रम त्यांनी विस्कटतो.