स्ट्रीक आईची, अभ्यास कुणाचा?

एका आईचं पत्र आहे. मुलगा नववीत. त्याच्या मोबाइलवर त्यांनी अभ्यासाची सात फुकट ॲप्स टाकली आहेत. सातही पासवर्ड त्यांच्याकडे असतात आणि कुठल्या ॲपवर किती मिनिटं झाली, हे त्या रोज तपासतात. कोडिंगची चार ऑनलाइन प्रमाणपत्रंही जमली आहेत. तरी सहामाहीत गणित घसरलं. त्या विचारतात, कॉम्प्युटरमध्ये करिअर करायचं तर आणखी कोणते मोफत कोर्स लावू?

ताई, एकही नको.

पत्रातलं एक वाक्य तुम्ही कौतुकानं लिहिलंय: परवा अंगात ताप होता, तरी पठ्ठ्यानं 112 दिवसांची स्ट्रीक, म्हणजे एकही दिवस न चुकवता ॲप वापरल्याची मोजणी, तुटू दिली नाही. ते वाचून मी थांबले. कारण पुढे चार ओळींवर तुम्हीच लिहिता की तो हे काम रात्री पावणेबाराला करतो, सगळ्यात सोपा धडा उघडून. म्हणजे घरात काय मोजलं जातं, हे पोरानं बरोबर ओळखलंय. तुम्हाला आकडा हवा असतो, तो आकडा देऊन मोकळा होतो. तापात उठून, आधीच येत असलेला धडा दोन मिनिटांत उरकायचा, याला मी चिकाटी म्हणणार नाही. हे पाट्या टाकणं झालं, आणि त्या तो तुमच्या धाकानं टाकतोय. स्ट्रीक ही सोय ॲपवाल्यांनी माणूस उद्या परत यावा म्हणून केलेली असते. आज तो काय शिकला, हे तिला कळत नाही. तुम्हालाही त्या आकड्यावरून कळणार नाही.

व्हिडिओ बघताना सगळं समजतं म्हणतो आणि पेपरात आठवत नाही, म्हणून तुम्हाला तो खोटं बोलतोय असं वाटतं. तो खरंच सांगतोय. समजलं म्हणजे आलं, हा गैरसमज मोठमोठ्यांचाही असतो. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. बाकीच्यांनी वाचून झाल्यावर तो बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा लिहून काढणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. व्हिडिओ दुसऱ्यांदा बघणं हे पुन्हा वाचण्यासारखंच. खान अकॅडमी या मोफत शिकवणाऱ्या संकेतस्थळावर व्हिडिओंच्या जोडीला सरावाचे प्रश्नही असतात, खरा माल तिथे आहे. पण तुमच्या हिशेबात मिनिटं दोन्हींची सारखीच भरतात, मग तो डोकं कशाला खाजवेल? अंकी हे साधं, रूक्ष ॲप मला यासाठीच आवडतं. ते आधी प्रश्न दाखवतं, उत्तर झाकून ठेवतं आणि विसरायच्या बेतात आलेलंच पुन्हा विचारतं. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर ते फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. त्यातली कार्डं मात्र त्यानं स्वतः बनवायची, तुम्ही नाही.

उत्तरपत्रिकेचा फोटो पाठवलात, ते फार बरं केलंत. नळाचं उदाहरण बघा. पहिला नळ टाकी 4 तासांत भरतो, दुसरा 6 तासांत रिकामी करतो. यानं 1/4 आणि 1/6 यांची बेरीज केली, 5/12, अगदी बिनचूक. करायची होती वजाबाकी. 'रिकामी करतो' हे दोन शब्द त्यानं वाचलेच नाहीत. खालच्या दोन शाब्दिक उदाहरणांतही हेच झालंय: आकडे उचलले, वाक्य सोडलं. तुमच्या मुलाचं गणित कच्चं नाही, वाचन कच्चं आहे. 'काही वाचायला दिलं की व्हिडिओ आहे का विचारतो', हे तुम्ही सहज लिहून गेलात. मला तीच पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटते. प्रोग्रामिंग करणाऱ्याचा निम्मा दिवस वाचण्यात जातो: दुसऱ्याचा कोड, चूक दाखवणारा संदेश, सूचनांची लांबलचक पानं. तिथे प्रत्येक ओळीला व्हिडिओ नसतो.

म्हणून स्टोरीवीव्हर उघडा. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेनं 2015 साली सुरू केलेल्या या व्यासपीठावर अनेक भाषांतल्या गोष्टी मोफत आहेत, वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या. चौदा वर्षांच्या मुलाला चित्रांची पुस्तकं बाळबोध वाटतील, नाक मुरडेल. म्हणून नुसती वाचायला देऊ नका, इंग्रजीतून मराठीत आणायला द्या. भाषांतराची सोय तिथेच आहे. भाषांतर करताना शब्द गाळून पुढे जाता येत नाही. आणि चार प्रमाणपत्रांपेक्षा स्क्रॅच या मुलांसाठीच्या कोडिंगच्या संकेतस्थळावर स्वतः केलेला एखादा खेळ दाखवायला बरा. तिथे दुसऱ्यानं शेअर केलेल्या प्रकल्पाच्या आत शिरून तो कसा बांधलाय हे बघता येतं, त्यात बदलही करता येतात. ती प्रमाणपत्रं नववीतल्या मुलाला कुणी विचारणार नाही.

शाखा, डिप्लोमा, प्रवेश परीक्षा, हे सगळं दहावीच्या वर्षी बघू. घाई नाही.

आज पासवर्ड त्याला परत द्या आणि स्ट्रीक तुटू द्या. तो एक-दोन आठवडे काहीच उघडणार नाही, तेव्हा तुमच्या जिवाची घालमेल होईल. तरी विचारायचं नाही. महिनाभरानं मला पुन्हा पत्र पाठवा, पण ते त्यानं लिहिलेलं असू दे. पाच ओळी चालतील, आणि शुद्धलेखन तुम्ही तपासू नका.