दुर्बिणीला हात न लावता खगोलशास्त्र?

प्रश्न : मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. पुढे ‘अ‍ॅटॉमिक अ‍ॅस्ट्रोफिजिक्स’ करायचं म्हणते. हा विषय अणूंचा की ताऱ्यांचा? आणि यातली माणसं दिवसभर करतात तरी काय? – एक पालक, सातारा

उत्तर : ओढ ताऱ्यांची, पण दिवसभराचं काम अणूंचंच. माझी सगळी नोकरी यातच गेली आणि दुर्बीण मी पाहिली ती पाहुण्यांबरोबर. वर्णपटातल्या (प्रकाशाचे रंग सुटे केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या) रेषांवरून तेजोमेघाची, म्हणजे अवकाशातल्या चमकत्या वायूच्या ढगाची घनता किंवा तापमान काढायचं, तर कोणता आयन (इलेक्ट्रॉन गमावलेला अणू) किती वेळात प्रकाश टाकतो, त्याला इलेक्ट्रॉन धडकला तर काय होतं, हे आकडे आधी हाताशी हवेत. ते काढून देणारे ते आम्ही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले मायकेल सीटन (१९२३–२००७) आमच्यातले थोरले. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बफेकी विमानांवर होते, तिथून सुटल्यावर पदवीला बसले. १९५७ साली त्यांनी आणि अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ ऑस्टरब्रॉक यांनी एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या दोन रेषा घेतल्या : ३७२.६ आणि ३७२.९ नॅनोमीटर. इतक्या जवळ की साध्या वर्णपटात एकच दिसते. ऊर्जेच्या ज्या पातळ्यांवरून त्या निघतात तिथे आयन तासन्‌तास तसाच राहू शकतो. तेवढ्यात एखादा इलेक्ट्रॉन येऊन आदळला, तर प्रकाश न टाकताच आयन खालच्या पातळीवर उतरतो. दोन्ही पातळ्यांची मुदत वेगवेगळी, त्यामुळे वायू दाट झाला की रेषांचं गुणोत्तर बदलतं. विरळ वायूत ३७२.९ची रेषा जवळजवळ दीडपट ठळक, खूप दाट वायूत दुसरीच्या निम्म्याहूनही फिकट. मृगातल्या तेजोमेघात घनसेंटीमीटरला किती इलेक्ट्रॉन आहेत, ते असं घरबसल्या कळतं. मला तरी यापेक्षा देखणी युक्ती माहीत नाही.

साठी उलटल्यावर सीटन यांनी ‘ओपॅसिटी प्रोजेक्ट’ अंगावर घेतला; ओपॅसिटी म्हणजे ताऱ्यातला वायू प्रकाश किती अडवतो ते. सेफिड ताऱ्यांचं, म्हणजे ठरावीक काळानं फुगणाऱ्या-आकसणाऱ्या ताऱ्यांचं, स्पंदन गणितात बसत नव्हतं. जड मूलद्रव्यं प्रकाश किती अडवतात, तो आकडा दोन-तीन पटींनी वाढवून पाहा, असं खगोलभौतिकीतले नॉर्मन सायमन यांनी १९८२ मध्ये सुचवलं होतं. ब्रिटनपासून व्हेनेझुएलापर्यंतची माणसं कामाला लागली. अमेरिकेत लिव्हरमोर प्रयोगशाळेचा गट स्वतंत्रपणे तेच करत होता. दोघांचंही उत्तर सायमन यांच्या बाजूनं आलं, आणि त्यात मोठा वाटा लोखंडाच्या रेषांचा निघाला.

लोखंड अजून संपलेलं नाही, हे मुलीला आवर्जून सांगा. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत सुमारे वीस लाख अंशांना तापवलेलं लोखंड, गणित सांगतं त्यापेक्षा बराच जास्त प्रकाश अडवताना आढळलं. त्यावरचा वाद चालूच आहे.

या विषयाच्या जागा थोड्या, हे खरं. अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) अणुभौतिकी आणि खगोलभौतिकी, दोन्ही विभाग एका छताखाली आहेत. तिथपासून चौकशी सुरू करावी. पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) पक्की हवी. आणि फोर्ट्रान ही जुनी संगणक-भाषा शिकायला लावा. हल्लीची मुलं नाक मुरडतात, पण इलेक्ट्रॉन आयनाला धडकण्याचं गणित करणारे आमचे आर-मॅट्रिक्सचे प्रोग्राम अजून त्यातच आहेत.