लिलावात घेतलेली तलवार आणि न जुळणारा संवत्सर

प्रश्न : मी साताऱ्याचा निवृत्त शिक्षक. राघोजी भोसल्यांची तलवार सरकारने लंडनच्या लिलावातून परत आणली, त्या बातम्या वाचून माझ्याही मनाने घेतलं. मुंबईतल्या एका लिलावात ४ लाख ८० हजारांना एक तलवार घेतली. कॅटलॉगमध्ये 'पानिपतावर लढलेल्या सरदाराची तलवार, खासगी संग्रहातून' असं छापलं होतं. पात्यावर 'शके १६८२ आनंद संवत्सर' असा मजकूर आहे. घरी आणून महिना झाला नाही तोच एका अभ्यासक मित्राने सांगितलं, की लेख नंतर कोरलेला दिसतो. कंपनी म्हणते, 'माल जसा आहे तसा' ही अट तुम्ही मान्य केली होती. मुलगा म्हणतो, पुढच्या लिलावात विकून मोकळे व्हा. काय करू?

उत्तर : सर, आधी मुलाला थांबवा. संशय आल्यावर त्याच वर्णनाने तलवार पुढे विकलीत, तर फसवणुकीच्या आरोपात तुम्हीच अडकाल. शिवाय ग्राहक आयोगात जायचं तर खरेदी स्वतःसाठी असावी लागते, पुन्हा विकण्यासाठी नाही. परदेशातल्या नातेवाइकाकडे पाठवायचा विचारही नको. वस्तू शंभर वर्षांपलीकडची ठरली, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्याला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षांची कैद आहे.

तुमच्या मित्राचं म्हणणं मला पटतं. शके १६८२ ला, म्हणजे पानिपतच्या वर्षी, आपल्याकडे विक्रम संवत्सर होता. आनंद संवत्सर शके १५९६ ला होता, म्हणजे राज्याभिषेकाचं वर्ष. त्यानंतर साठ-साठ वर्षांनी, शके १६५६ आणि १७१६ ला, तो आला. तुम्ही पाठवलेल्या फोटोत आणखी एक गोष्ट दिसते. पात्यावर गंजाचे खड्डे आहेत, पण 'सं' या अक्षराची रेघ खड्ड्याच्या कडेवरून सरळ कापत गेली आहे आणि रेघेच्या आत गंज नाही. पातं जुनं असेलही. पण 'पानिपतच्या सरदाराची' ही ओळख या लेखावरच उभी आहे, आणि तुम्ही पैसे मोजलेत ते त्या ओळखीचे.

अमुक वस्तू अमुक माणसाची, हे सिद्ध करायला ती कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी लागते. तुमच्याच गावच्या संग्रहालयात २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं आली होती. त्यांच्या पेटीवर लिहिलंय, की शिवाजी महाराजांनी याने 'मोगल' सेनापतीला मारलं. अफझलखान आदिलशाहीचा, हे तुम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं असेल. तिथे साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट ग्रँट डफ याचं नाव आहे, त्याच्या वंशजांनी वस्तू दिल्याची नोंद आहे, आणि तरीही हीच ती वाघनखं असं खात्रीने सांगता येत नाही, हे लंडनच्या संग्रहालयाने उघडपणे लिहून ठेवलंय. तुमच्या कॅटलॉगमध्ये 'खासगी संग्रहातून' एवढे दोनच शब्द आहेत.

आता त्या अटीबद्दल. 'जसा आहे तसा' या अटीने मालाच्या स्थितीची जबाबदारी विक्रेत्याला बरीचशी टाळता येते. पण लेख बनावट आहे हे माहीत असून तो खरा म्हणून विकला असेल, तर ती फसवणूक आहे आणि कोणतीही अट तिला झाकत नाही. करार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा करार तुम्हाला रद्द करता येतो. फसवणूक सिद्ध झाली नाही, तरी वस्तू-विक्री कायद्याच्या कलम १५ नुसार वर्णन करून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असायला हवा. छापील अट त्याच्या आड कितपत येते, हे तिचा पूर्ण मजकूर वाचल्याशिवाय मी सांगणार नाही. तो पाठवा.

कंपनी म्हणेल, आम्ही फक्त मध्यस्थ. मग मूळ मालकाचं नाव विचारा. मध्यस्थाने मालकाचं नाव उघड केलं नसेल, तर करार कायद्याच्या कलम २३० प्रमाणे एरवी तोच जबाबदार धरला जातो. माझ्या मते हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

याच आठवड्यात नोंदणीसह स्पीड पोस्टाने आणि ईमेलने कळवा, की माल स्वीकारलेला नाही आणि पूर्ण रक्कम कमिशनसकट परत हवी. महिना तसाही गेलाय. वस्तू जवळ ठेवून गप्प राहिलात, तर ती स्वीकारली असं धरलं जाईल आणि मग फक्त नुकसानभरपाई मागता येईल. त्याच पत्रात पुरावशेष विक्रीच्या परवान्याची प्रत आणि आधीच्या मालकांचा तपशील मागा. ही तलवार कुणाच्या वाड्यातून चोरीला गेलेली निघाली, तर लिलावात घेतली म्हणून तुमची मालकी पक्की होत नाही.

पुरातत्त्व खात्याकडून वस्तू पुरावशेष आहे की नाही, हे ठरवून घेता येतं. ती कोणाची होती, याचं उत्तर त्यात नसतं. त्यासाठी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातल्या जाणकारांना भेटा आणि लेखी, सहीनिशी मत घ्या. तोंडी मताचा आयोगापुढे उपयोग नाही.

कंपनीने दाद दिली नाही, तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता तिथेच ती करता येते. मुदत दोन वर्षांची आहे आणि रक्कम ५० लाखांच्या आत आहे.

तोवर पात्याला तेल, लिंबू, पॉलिश काही लावू नका. ती गंज नसलेली रेघ हाच तुमचा पुरावा आहे. आणि कंपनीचा माणूस 'तपासणीसाठी' तलवार न्यायला आला, तर सगळ्या बाजूंनी फोटो काढून आणि लेखी पोच घेतल्याशिवाय ती त्याच्या हाती देऊ नका.