टेबलवरच पुन्हा स्कॅन कशासाठी?

भावाच्या गालाचं हाड आणि डोळ्याच्या खोबणीचा तळ मोडलाय, सीटी झालाय, तरी सर्जन ऑपरेशन चालू असतानाच पुन्हा थ्रीडी स्कॅन काढणार म्हणतात. हा बिल फुगवायचा प्रकार तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. चेहऱ्या-जबड्याच्या शस्त्रक्रिया हेच माझं रोजचं काम. या फ्रॅक्चरमध्ये तरी तसं नाही.

आधीच्या सीटीवरून काय मोडलंय ते कळतं. बसवलेलं नीट बसलं का, ते कसं कळणार? खोबणीचा तळ अंड्याच्या टरफलासारखा पातळ. तो फुटला की बहुतेकदा खालच्या पापणीच्या आतून जाऊन टायटॅनियमची जाळी बसवतात. पुढची कड डोळ्यांसमोर असते. मागचं टोक मात्र शाबूत उरलेल्या हाडावर टेकायला हवं, आणि ते हाड साधारण तीन-साडेतीन सेंटिमीटर आत, चरबीच्या आड. हाताला वाटतं टेकलं, आणि जाळी खाली सायनसमध्ये, म्हणजे गालामागच्या पोकळीत, उतरलेली असते! त्यात सूज, त्यामुळे डोळा आत गेलाय हे तेव्हा लक्षातच येत नाही. सूज उतरली की कळतं, आणि मग दुसरं ऑपरेशन, तेही व्रण धरलेल्या जागेतून.

टेबलवरच्या स्कॅनला पेशंट भुलीतच असतो. यंत्र डोक्याभोवती फिरतं, मिनिटभराचं काम. निर्जंतुक कापडं सावरण्यातच जास्त वेळ जातो. स्कॅनमधल्या बाजूच्या छेदात, म्हणजे कापासारख्या चित्रात, जाळीचं टोक झुकलेलं दिसलं, तर तिथल्या तिथे काढायची, वाकवायची, परत बसवायची. गालाचं हाड फिरलेलं राहिलंय का, तेही खोबणीच्या बाहेरच्या भिंतीतल्या सांध्यावरून समजतं.

सगळ्यांना हे लागत नाही. खालच्या जबड्याचं साधं फ्रॅक्चर असेल तर दात एकमेकांवर बरोबर बसले की बरंचसं काम झालं. शिवाय टेबलवरच्या या कोन-बीम स्कॅन यंत्रावर हाड छान दिसतं, स्नायू नाही. डोळा हलवणारा स्नायू मोडलेल्या हाडात अडकलाय का, हे भुलीत चिमट्याने डोळा हलवूनच बघावं लागतं. किरणोत्सर्ग थोडा वाढतो, पण दुसऱ्या ऑपरेशनपुढे तो मला मान्य आहे.

हे यंत्र सगळीकडे नसतं. नसेल तिथे सायनसमधून दुर्बीण घालून जाळी खालून बघता येते, किंवा ऑपरेशननंतर लगेच सीटी करतात. सर्जनना एवढंच विचारा: स्कॅनमध्ये जाळी चुकीची दिसली तर त्याच भुलीत दुरुस्त करणार ना? आणि आधीच्या सीटीची सीडी मागून घ्या, नुसत्या फिल्मवर पातळ छेद नीट बघता येत नाहीत.